एकच अहवाल, स्क्रीनवर हिरवा आणि कागदावर लाल

सॉफ्टवेअरच्या नव्या रिलीजच्या मंजुरीची बैठक होती. निम्म्या लोकांसमोर लॅपटॉपवर चाचणी अहवालाचं वेब पान उघडलेलं, निम्म्यांच्या हातात त्याच अहवालाची छापील प्रत. कोड कव्हरेजच्या, म्हणजे चाचण्यांनी किती कोड तपासला त्या, ओळीत वेबवर ८५ टक्के आणि हिरवं लेबल, कागदावर ८४ टक्के आणि लाल. मंजुरीची अट नेमकी ८५ टक्क्यांची. “अहो, माझ्याकडे तर हिरवं दिसतंय,” असं एकाने म्हटलं आणि मग बराच वेळ कोणाची प्रत जुनी यावरच गेला. जुनी कुठलीच नव्हती. दोन्ही एकाच वेळी तयार झाल्या होत्या.

मूळ आकडा होता ८४.५. वेब पानावर त्याला पूर्णांकात आणायचं काम जावास्क्रिप्ट करत होतं, पीडीएफसाठी पायथन. जावास्क्रिप्टचं ‘मॅथ.राउंड’ अर्ध्यावर आलेला धन आकडा वर ढकलतं, म्हणून ८५. पायथन ३ चं ‘राउंड’ असा आकडा जवळच्या सम संख्येकडे नेतं, म्हणून ८४. आकडा ८३.५ असता तर दोन्हीकडे ८४ च आलं असतं आणि कोणाला पत्ताही लागला नसता. दोन्ही भाषा आपापल्या नियमाने बरोबर आहेत. घोळ असा की लेबलाचा रंग मूळ आकड्यावरून न ठरता या पूर्णांकावरून ठरत होता, आणि तोही दोन ठिकाणी, दोनदा. म्हणजे कागद बरोबर निघाला तो निव्वळ योगायोगाने. बैठकीतल्या बहुतेकांचा भरवसा मात्र वेब पानावर होता, कारण ते देखणं होतं आणि पीडीएफ जुनाट दिसायची.

तक्रार नोंदवली गेली ती ‘वेब आणि प्रिंट सारखे दिसत नाहीत’ अशी, आणि गेली डिझाइनवाल्यांकडे. त्यांनी दोन्हीकडचा हिरवा आणि लाल तंतोतंत एकाच छटेचा करून दिला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

दोन टेम्प्लेटं कशी झाली

पीडीएफ आधीची. सर्व्हरवर पायथनचं टेम्प्लेट, म्हणजे अहवालाचा साचा, एचटीएमएल (वेब पानाचा कोड) बनवायचं आणि ‘डब्ल्यूकेएचटीएमएल-टू-पीडीएफ’ हे साधन त्याची पीडीएफ करायचं. वेब पान नंतर आलं, नव्या फ्रेमवर्कमध्ये, स्वतःच्या सीएसएससह, म्हणजे रंग-मांडणीच्या नियमांसह. तेव्हापासून प्रत्येक बदल दोनदा करायचा अशी रीत पडली. रीत कसली, आठवण. ज्याला आठवलं त्याने दुसरीकडेही केला.

निष्काळजीपणा म्हणून हे सोडून देता येत नाही. ते जुनं साधन क्यूटी-वेबकिट या जुन्या ब्राउझर-इंजिनावर उभं आहे, त्याची ०.१२.६ ही आवृत्ती २०२० ची आणि प्रकल्पाचं भांडार २०२३ मध्ये कायमचं बंद करून ठेवलेलं. त्या इंजिनाला सीएसएसचं ग्रिड (ओळी-रकान्यांची मांडणी) कळत नाही, सीएसएसमधली व्हेरिएबल (एकदा ठरवून सगळीकडे वापरायची मूल्यं) कळत नाहीत. वेबवर रंग, अंतरं, अक्षरांचे आकार सगळे व्हेरिएबलमध्ये बांधलेले होते. म्हणजे एखाद्याने मनावर घेऊन एकच स्टाइलशीट वापरायचं म्हटलं असतं तरी ते पीडीएफमध्ये चाललंच नसतं. दोन टेम्प्लेटं राहणं त्या साधनाने भाग पाडलं होतं, आणि दोन टेम्प्लेटं राहिली की ती हळूहळू फाकणारच.

दोन्ही प्रती शेजारी ठेवून ओळ-न्-ओळ ताडून पाहिली तेव्हा रंग हा सगळ्यात किरकोळ फरक निघाला. वेबवर ‘अनुत्तीर्ण’, पीडीएफमध्ये ‘फेल’. वेबवर आधी गंभीर दोष आणि मग कव्हरेज, पीडीएफमध्ये उलट. वगळलेल्या चाचण्या वेबवर वेगळ्या मोजल्या जात होत्या आणि पीडीएफमध्ये एकूण संख्येत मिसळलेल्या. वेळ वेबवर वाचणाऱ्याच्या घड्याळाप्रमाणे, पीडीएफमध्ये सर्व्हरच्या म्हणजे यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे. मध्यरात्रीच्या आसपास चाललेल्या चाचण्यांची तारीखच बदलायची. यातली एकही गोष्ट छटा जुळवून सुटणारी नाही. ‘सारखं दिसत नाही’ असं वापरणारा म्हणतो, तेव्हा त्याला बहुतेक वेळा ‘सारखं सांगत नाही’ असं म्हणायचं असतं.

काय करायचं ठरलं

तीन वाटा चर्चेत होत्या. दोन्ही टेम्प्लेटं ठेवून बदलांची कडक यादी पाळायची, ही पहिली. ती कोणालाच पटली नाही, यादी आधीही होतीच. दुसरी, पीडीएफ एखाद्या लायब्ररीने थेट काढायची: हा मजकूर इथे, ही रेघ तिथे. पानांवर उत्तम ताबा मिळतो, पण मांडणी पुन्हा दुसऱ्याच कोडमध्ये जाते. शिवाय अशा अनेक लायब्रऱ्या अक्षरामागून अक्षर ठेवत जातात, लिपीचे जोड जुळवत नाहीत. देवनागरीत त्याचा परिणाम डोळ्यांत भरतो: ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडे यायची ती उजवीकडे जाते आणि जोडाक्षरांचे पाय मोडून पडतात. अरबी, थाईचीही तीच गत. ब्राउझर हे काम मुळातच नीट करतो.

म्हणून तिसरी वाट घेतली. वेब पान हेच एकमेव टेम्प्लेट. पीडीएफ हवी तर सर्व्हरवर बिनचेहऱ्याचा, म्हणजे खिडकी न दाखवता चालणारा, क्रोम ब्राउझर तेच पान उघडतो आणि छापतो. क्रोमला ही सोय २०१७ पासून आहे.

इथे एक आडवाट फार मोहात पाडते. क्रोम पीडीएफ करताना आपोआप ‘प्रिंट’ माध्यमाची सीएसएस लावतो, पण त्याला ‘स्क्रीन’चीच लाव असं सांगता येतं. एक ओळ बदलली की स्क्रीनवर दिसतं तसंच्या तसं कागदावर. आमच्यातल्या काहींना इथेच काम संपलं असं वाटलं. माझा याला विरोध होता आणि आजही आहे. स्क्रीनवरची बाजूची पट्टी, फिल्टरची बटणं, शोधाची चौकट कागदावर मेलेली असतात आणि जागा मात्र खातात. उलट जे स्क्रीनवर माउस नेल्यावर दिसतं, म्हणजे चाचणी का फसली ते कारण, ते कागदावर नसतंच. हुबेहूब प्रत काढली तर कागदावर निरुपयोगी ते सगळं येतं आणि गरजेचं तेवढं गळतं.

मग सारखं काय राहायला हवं हे आधी शब्दांत लिहून काढलं. विभागांचा क्रम, नावं, आकडे आणि त्यांची दशांश स्थळं, रंगाचा अर्थ, शीर्षकं आणि मजकूर यांच्या आकारांचं प्रमाण. प्रत्यक्ष आकार नाही. स्क्रीनवर मजकूर १६ पिक्सेलचा, कागदावर १० पॉइंटचा, म्हणजे साधारण १३.३ पिक्सेल, शीर्षक त्याच पटीत लहान होतं, त्यामुळे पान ओळखीचं वाटतं. वेगळं काय असणार हेही त्याच कागदावर लिहिलं आणि प्रत्येक फरकापुढे कारण. पुढच्या सगळ्या वादांत हाच कागद कामाला आला.

कागद म्हणजे ७९४ पिक्सेलची स्क्रीन

पहिल्याच छापील प्रतीत सगळे तक्ते मोडून एकाखाली एक कार्डं झाली. मोबाइलवर दिसतात तशी. प्रिंटची सीएसएस कोणी लिहिलीही नव्हती, मग हे आलं कुठून?

सीएसएसमध्ये एक इंच म्हणजे ९६ पिक्सेल, छापतानाही. ए-फोर कागद २१० मिलिमीटर रुंद, म्हणजे जेमतेम ७९४ पिक्सेल. दोन्ही बाजूंना १५ मिलिमीटर समास सोडले की उरतात ६८०. वेब पानाची ‘लहान स्क्रीन’ ९९२ पिक्सेलच्या खाली सुरू होत होती, आणि तो नियम लिहिताना ‘फक्त स्क्रीनसाठी’ हा शब्द गाळलेला. ब्राउझरच्या दृष्टीने कागद हा एक मोठा फोन झाला. रुंदीच्या प्रत्येक नियमात ‘स्क्रीन’ हा शब्द घातला आणि कार्डांचे पुन्हा तक्ते झाले.

त्यानंतरचं दुखणं जास्त चिवट होतं. एका रिलीजचा अहवाल नेहमीच्या अक्षरात यायचा, दुसऱ्याचा बारीक. तोच कोड, तोच कागद. पाणी कुठे मुरतंय ते कळेना, तेव्हा बारीक आलेल्या अहवालातले तक्ते एकेक करून काढून पाहिले. चौथा तक्ता काढला आणि अक्षर मोठं झालं. त्या तक्त्यात एका फाइलचा पत्ता होता, लांबलचक, मध्ये एकही मोकळी जागा नाही. तो एक शब्द तुटत नव्हता म्हणून रकाना फुगला, रकान्यामुळे तक्ता कागदाबाहेर गेला, आणि मजकूर रुंदीत मावत नसेल तर क्रोम काही मर्यादेपर्यंत अख्खा दस्तऐवज आकसून घेतो. एका पत्त्यापायी सगळी पानं बारीक.

लांब शब्द तोडायची सूचना सीएसएसमध्ये आधीपासून होती, ‘ब्रेक-वर्ड’ अशी. ती इथे लागू पडत नव्हती, आणि त्याचं कारण माहीत करून घेण्यासारखं आहे. ‘ओव्हरफ्लो-रॅप’ला ‘ब्रेक-वर्ड’ दिलं की शब्द तुटू शकतो, पण रकान्याची किमान रुंदी मोजताना ब्राउझर तो न तुटणाराच धरतो. ‘एनीव्हेअर’ दिलं की मोजतानाही तुटणारा धरतो. तक्त्यात सगळा खेळ किमान रुंदीचाच असल्यामुळे फरक इथे उघडा पडतो. ‘एनीव्हेअर’ लावलं, शिवाय तक्त्याची मांडणी ‘फिक्स्ड’ करून रकान्यांच्या रुंदी टक्क्यांत बांधून टाकल्या. वेबवरही त्याच रुंदी. दोन प्रतींत रकाने एकाच प्रमाणात दिसायला लागल्यावर ‘आता सारखं वाटतंय’ असं पहिल्यांदा ऐकू आलं, रंगांना हात लावण्याआधीच.

रंग

छापताना ब्राउझर शाई वाचवायला पार्श्वरंग गाळतात. लाल पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांतलं लेबल त्यामुळे साध्या मजकुरासारखं होतं. ‘प्रिंट-कलर-अ‍ॅडजस्ट’ला ‘एक्झॅक्ट’ दिलं की रंग राहतो, आणि सर्व्हरवरच्या क्रोमला पार्श्वभूमी छापायला वेगळं सांगावं लागतं, तेही केलं. पण निम्मे प्रिंटर काळे-पांढरे. वापरात असलेला लाल आणि हिरवा करड्यात बदलून पाहिले तर शेजारी ठेवूनही ओळखू येईनात. दोघांची उजळता जवळपास एकच होती. मग छटांचा नाद सोडला. लेबलात रंगाबरोबर शब्द आणि आकृती आली: उत्तीर्णला भरीव गोल, अनुत्तीर्णला फुली, वगळलेल्याला पोकळ चौकोन. वेबवरही तेच. लाल-हिरवा वेगळा न दिसणारे वाचक स्क्रीनसमोरही असतातच.

पान कुठे तुटतं

आधीच्या कोणीतरी प्रत्येक विभागाला ‘ब्रेक-इनसाइड: अव्हॉइड’, म्हणजे मधे पान तोडू नको, असं लावून ठेवलं होतं. हेतू चांगला, पण विभाग पाऊण पानाचा असेल तर तो उचलून पुढच्या पानावर जातो आणि मागे पांढरं मैदान राहतं. पानापेक्षा मोठा असेल तर सूचना पाळणंच शक्य नसतं. ती फक्त आलेखाला, तक्त्याच्या एकेका ओळीला आणि लेबलांच्या पट्टीला ठेवली. शीर्षकाला त्याच्यानंतर पान तोडू नको असं सांगितलं. तक्त्याचं शीर्ष खरंखुरं ‘टी-हेड’ या तक्त्याच्या शीर्षासाठीच्या खुणेत असेल तर ब्राउझर ते दर पानावर आपोआप देतो, आमच्याकडे ते ‘डिव्ह’चं, म्हणजे साध्या चौकटींचं, बनवलेलं होतं, ते बदललं. कागदाचा आकार ए-फोरच असेल असं धरून चालता येत नाही. लेटर कागद थोडा रुंद पण उंचीला साडेसतरा मिलिमीटरने कमी, तेव्हा एका पानात बसायलाच हवा तो पहिला गोषवारा लेटरच्या उंचीला बेतला.

पानांचे क्रमांक हा एक वेगळाच कटकटीचा विषय. क्रोमला तळपट्टीचं टेम्प्लेट देता येतं, पण त्यात पानाची स्टाइल उतरत नाही. सगळा अहवाल एका फॉन्टमध्ये आणि तळाला भलत्याच फॉन्टमधलं मुंगीएवढं ‘पान ३ / १२’. नोव्हेंबर २०२४ मधल्या क्रोम १३१ पासून समासातला मजकूर थेट सीएसएसमधून लिहिता येतो. सर्व्हरवरची आवृत्ती वाढवली आणि ते टेम्प्लेट काढून टाकलं.

अर्धवट वाढलेले स्तंभ

आलेख चार्ट.जेएस या लायब्ररीने कॅनव्हासवर काढले जात होते. कॅनव्हास म्हणजे शेवटी ठिपक्यांचं चित्र, कागदावर कडा पुसट येतात. ते चालवून घेतलं असतं. पण काही पीडीएफमध्ये स्तंभ खरोखरच बुटके यायचे आणि अक्षावरचे आकडे बरोबर असायचे. आलेख खाली शून्यापासून वर वाढत येण्याची हालचाल त्या लायब्ररीत मुळात एक सेकंदाची असते. क्रोमने त्या सेकंदाच्या मधेच पान टिपलेलं. चुकीचा वाटणार नाही असा चुकीचा आलेख! रिलीजच्या अहवालात याहून धोकादायक काही सांगता येणार नाही.

आलेख एसव्हीजीत, म्हणजे ठिपक्यांऐवजी रेघांच्या चित्रात, नेले, त्यामुळे ते दोन्हीकडे धारदार आणि मजकूर निवडताही येतो. छपाईच्या वेळी हालचाल बंद. आणि सर्व्हरने ‘थोडं थांबून’ पीडीएफ काढायची ही पद्धत मोडीत काढली. आता माहिती आली, फॉन्ट उतरले, आलेख काढून झाले, की पान स्वतः ‘तयार’ अशी खूण लावतं आणि क्रोम त्या खुणेची वाट पाहतो. फॉन्ट अ‍ॅपसोबतच पाठवले जातात. सर्व्हरच्या कंटेनरमध्ये (अ‍ॅप चालतं त्या बंदिस्त जागेत) फॉन्ट असतीलच याचा भरवसा नसतो. तिथे फॉन्ट नसला की एक तर चौकोन येतात, किंवा पर्यायी फॉन्टच्या वेगळ्या रुंदीमुळे ओळी भलतीकडे तुटतात.

८४.५ चं काय झालं

अहवाल मागितला की सर्व्हर त्या क्षणाची माहिती गोठवतो आणि तिला क्रमांक देतो. उत्तीर्ण की अनुत्तीर्ण हे मूळ आकड्यावरून तिथेच, एकदाच ठरतं. दाखवायचा आकडाही तिथेच एका दशांश स्थळापर्यंत तयार होऊन मजकूर म्हणून पुढे जातो. ब्राउझरने गणित करायचंच नाही. वेळ यूटीसीतच साठवतो, पण अहवालासाठी ठरवलेल्या वेळक्षेत्रात, त्याच्या नावासकट छापतो.

फिल्टरचा विषय इथेच निघाला. वेबवर कोणी ‘फक्त गंभीर’ असा फिल्टर लावून पीडीएफ काढली तर कागदावर तो फिल्टर दिसायला जागाच नव्हती. वाचणाऱ्याला वाटणार की दोष एवढेच. आता लावलेले फिल्टर पहिल्या पानावर वाक्यात येतात आणि वेब पानावरही तेच वाक्य तक्त्याच्या वर दिसतं. मिटवून ठेवलेले विभाग छपाईत उघडले जातात, माउस नेल्यावर दिसणारं कारण ओळीखाली लहान अक्षरात येतं.

तपासणीसाठी पिक्सेल जुळवून पाहण्याचा आग्रह होता. तो मोडून काढावा लागला, कारण दोन प्रती मुद्दाम वेगळ्या ठेवायच्या ठरल्यावर त्यांचे पिक्सेल जुळवण्यात अर्थ नाही. पिक्सेलची तुलना होते ती पीडीएफची तिच्याच आधीच्या आवृत्तीशी. वेब आणि पीडीएफ यांची तुलना मजकुरावर: पीडीएफमधून मजकूर बाहेर काढायचा आणि त्यातले आकडे व चाचण्यांचे क्रमांक त्याच क्रमाने वेब पानावर आहेत का ते बघायचं. फक्त आकडे आणि क्रमांक, कारण देवनागरी मजकूर पीडीएफमधून काढताना काना-मात्रा इकडच्या तिकडे होतात. नमुना माहिती मुद्दाम वाकडी ठेवली आहे: ८४.५, न तुटणारा पत्ता, एकही दोष नसलेला विभाग, मध्यरात्रीला एक मिनिट असताना सुरू झालेली चाचणी.

जे राहिलं

वेब पानावरचं छपाईचं बटण सर्व्हरची पीडीएफ देतं, पण कीबोर्डवरून थेट छापणारे छापतातच. तिथे ब्राउझर आपापली वरची पट्टी, पत्ता, तारीख घालतो, आणि फायरफॉक्स पानाच्या तळाला किंवा माथ्याला किमान किती ओळी राहाव्यात ही सूचना मानत नाही. मांडणी थोडी हलते, आकडे हलत नाहीत. तेवढ्यावर समाधान मानलं.

जुन्या अहवालांचं प्रकरण मात्र अवघड आहे. त्यांच्या सही झालेल्या पीडीएफ जुन्या साधनाने काढलेल्या, आणि सही झालेली प्रत पुन्हा काढायची नाही हे ठाम ठरलं. त्याच अहवालाचं वेब पान आज उघडलं तर ते नव्या टेम्प्लेटमध्ये येतं, एका दशांश स्थळासह, वगळलेल्या चाचण्या वेगळ्या मोजून. म्हणजे तिथे वेब आणि कागद जुळणार नाहीतच. जुनं टेम्प्लेट फक्त या पानांसाठी जिवंत ठेवावं असा एक विचार होता, पण मग दोन टेम्प्लेटं परत आली. शेवटी अशा वेब पानांच्या माथ्यावर एक पट्टी लावली: मंजुरीसाठी ग्राह्य प्रत सही केलेली पीडीएफ आहे, आकडे पूर्णांकात आणण्याची आणि चाचण्या मोजण्याची तिची पद्धत वेगळी होती, आणि शेजारी त्या पीडीएफचा दुवा. ही पट्टी छपाईतही येते.